घासलेला पट्टा

मागच्या अंकात संपादकांनी ‘फोन आणि घर’ या विषयावर पत्रं मागवली आणि उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे सोपवलं. मिरजेत सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी मी बावीस वर्षं मोबाइल दुरुस्त करतोय. मी डॉक्टर नाही, शिक्षकही नाही. पण फोन उघडून टेबलावर ठेवला की समोरचं माणूस बोलायला लागतं, आणि ते सगळं मी आजवर मन लावून ऐकत आलोय. पत्रं बरीच आली, जागा पाचांपुरतीच आहे. ज्यांचं पत्र इथं नाही त्यांनी दुकानात यावं, नाहीतर पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

माझा मुलगा नववीत आहे. रात्री एक-एक वाजेपर्यंत पांघरुणात रील्स बघतो. मागच्या आठवड्यात त्याच्या वडिलांनी फोन हिसकावून घेतला, तर दोन दिवस नीट जेवला नाही. शाळेचा अभ्यास व्हॉट्सॲपवर येतो, म्हणून फोन द्यावाच लागतो. दादा, मी काय करू?
– एक आई, तासगाव

ताई, पोरगं जेवलं नाही हे वाचून पोटात कालवाकालव झाली. आधी माझ्या टेबलावरची एक गोष्ट सांगतो, मग उपायाकडे येतो.

रोज पाच-सहा जण स्क्रीन गार्ड बदलायला येतात. जुनी काच सोलून काढली आणि उजेडात तिरकी धरली, की खाली उजव्या बाजूला एक पट्टा दिसतो. बोटभर लांब, अंगठ्याएवढा रुंद. तिथला गुळगुळीत थर उडालेला असतो आणि काच धुरकट दिसते. बाकीची काच कालच बसवल्यासारखी. दहा-बारा वर्षांपूर्वी काच खालच्या बाजूला आडवी झिजायची, कारण लोक टाइप करायचे, एकमेकांना काहीतरी लिहायचे. आता ती उभी झिजते. खालून वर, खालून वर. आणि हा पट्टा फक्त पोरांच्या फोनवर असतो असं समजू नका. बापाच्या फोनवर असतो, आजीच्या फोनवरही असतो.

पूर्वी इंटरनेटचं पान संपायचं. तळाशी आकडे असायचे, पुढचं पान हवं तर त्यावर दाबायला लागायचं. त्या दाबण्याच्या क्षणी माणूस थांबायचा, घड्याळाकडे बघायचा. २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या अमेरिकन डिझायनरनं कधीच न संपणारं पान तयार केलं. त्या कामाचा पुढं त्याला पश्चात्ताप झाला आणि तसं त्यानं जाहीरपणे सांगितलंही. आपल्याकडे २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैमध्ये इन्स्टाग्रामनं रील्स सुरू केल्या. रील आपोआप सुरू होते. कुठल्या रीलवर तुम्ही किती सेकंद थांबलात याची नोंद होते आणि पुढची रील त्या हिशेबानं येते. दहातली एक मनासारखी निघते, आणि तिच्या आशेनं बाकीच्या नऊ सरकवल्या जातात. हे सगळं शिकल्या-सवरलेल्या मोठ्या माणसांनी विचार करून बांधलेलं आहे. त्यापुढं चौदा वर्षांच्या पोराचा निग्रह टिकला नाही म्हणून त्याला नालायक ठरवू नका. घरात कुणी तसं बोललं असेल, तर आधी तो शब्द परत घ्यायला लावा.

आपल्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथं संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो. मग साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. या भोंग्याच्या बातम्या बाहेर लांबपर्यंत गेल्या. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. तो भोंगा पोरांसाठी वेगळा आणि बापांसाठी वेगळा वाजत नाही.

तुमच्या घरी भोंगा नाही, पण चार्जर आहे. घरातले सगळे चार्जर एका जागी आणा. स्वयंपाकघरात, माजघरात, कुठंही चालेल, फक्त झोपायच्या खोलीत नको. रात्री साडेनऊला पहिला फोन वडिलांचा लागला पाहिजे. तासगावात बेदाण्याच्या सौद्यांचे भाव फोनवर येतात, रात्री-अपरात्री व्यापाऱ्याचा निरोप येतो, हे मला माहीत आहे. फोनची घंटा मोठी करून ठेवा, काम असेल तो मेसेज न करता फोन करेल. सकाळच्या गजरासाठी फोन उशाशी लागतो असं घरोघरी सांगतात. बाजारातून सेलवर चालणारं साधं गजराचं घड्याळ आणा, कारण हे एक निमित्त सुटलं की निम्मं काम होतं. अभ्यास व्हॉट्सॲपवर येतो तो सात वाजायच्या आत वहीत उतरवून घ्यायचा. उशिरा येत असेल तर चार आयांनी मिळून बाईंना विनंती करा. एकटीनं बोलू नका, एकटीचं ऐकत नाहीत.

आणि जेवणाचा फोनशी संबंध लावू नका. ‘जेवलास तर देईन’ नको आणि ‘बघितलंस तर जेवायला नाही’ हेही नको.

माझी मुलगी दहावीला असताना मी तिचा फोन काढून घेऊन कपाटात कुलूप लावून ठेवला होता. ती मैत्रिणीकडे जाऊन बघायला लागली आणि मला सांगायची, वही आणायला गेले होते. ते खोटं मला फोनपेक्षा जास्त लागलं. ते मिटायला वर्ष गेलं. मिटलं कसं, तर एका रविवारी मी तिला म्हटलं, तू काय बघतेस ते मला दाखव. ती अर्धा तास दाखवत होती. मी हसलो नाही, नाक मुरडलं नाही. तिला केस कापायचे व्हिडिओ आवडायचे, एवढंच होतं ते. तुमच्या मुलाच्या शेजारी असं एकदा बसा. त्याचे वडील बसले तर आणखी चांगलं.

पहिले पाच-सहा दिवस तो चिडेल, दारं आपटेल. तेवढे दिवस तुम्ही दोघांनी आवाज चढवायचा नाही.

आम्ही जुन्या सहकाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवतो. एकानं मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ टाकला. ‘हे खरं आहे का, कुठलं आहे?’ एवढंच मी विचारलं. शब्दानं शब्द वाढला, त्यानं ग्रुप सोडला. चाळीस वर्षांची मैत्री आहे. आता बागेत समोर आला तरी मान वळवतो. माझं चुकलं का?
– एक निवृत्त कर्मचारी, विश्रामबाग, सांगली

काका, विचारलंत ते बरोबरच केलंत. ते का, हे तुमच्या मित्रालाही वाचून दाखवता येईल असं लिहितो.

१३ सप्टेंबर २०२२. जत तालुक्यातलं लवंगा. उत्तर प्रदेशातले चार साधू विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. वाटेत त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. मुलं पळवणारे आलेत असा संशय आला आणि लोकांनी त्यांना गाडीतून ओढून काठ्या-पट्ट्यांनी मारलं. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा कळलं, ते खरोखरच साधू होते. त्यांचे जीव वाचले. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेपायी मार खाल्लेल्या पाच जणांचे वाचले नाहीत. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती, मंगळवेढ्याकडची. आमच्या गल्लीत तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतात. ती बातमी आली त्या दिवशी शेजारचे कारागीर भोपळा हातात धरून बराच वेळ नुसते बसून राहिले होते.

राईनपाडा घडलं त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल असं बंधन आणलं. एप्रिल २०२० पासून, फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. अशा मेसेजवर दोन बाण दिसतात. दोन बाण दिसले, की त्यात सांगितलेलं पाठवणाऱ्यानं स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं नाही एवढं पक्कं समजायचं.

पण काका, तुम्ही विचारलंत ते सगळ्यांच्या देखत. ग्रुपमध्ये विचारलेला प्रश्न सरळ असला तरी चारचौघांत कान धरल्यासारखा लागतो. त्या माणसाला नातवंडं असतील. व्हिडिओ बघून तो घाबरला असेल आणि घाबरून त्यानं तो पुढं ढकलला असेल. त्याच्या मनात वाईट नव्हतं. तुम्ही त्याला मेसेज करू नका, फोनही करू नका. घरी जा. सकाळी जा, चहाच्या वेळेला. ‘ग्रुपवर नको होतं विचारायला, तुला एकट्याला विचारायला हवं होतं’ असं म्हणा. व्हिडिओ खरा की खोटा हा विषय त्या दिवशी काढू नका. तो आपणहून काढेल.

ग्रुप तुम्हीच चालवता, तर एक नियम मात्र करा. तो मला २०१९ च्या पुरानं शिकवला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. व्हॉट्सॲपमुळं तेव्हा खूप माणसं वाचली, हे मी कधीही सांगेन. कुठं दूध पोचवायचं, कुठल्या माडीवर बाळंतीण आहे, सगळं ग्रुपवर कळायचं. पण एक मेसेज आला, अमुक गल्लीत म्हातारं जोडपं अडकलंय, बोट पाठवा. आमची पोरं बोटीनं गेली. ते जोडपं दोन दिवसांपूर्वीच बाहेर पडलं होतं. मेसेज तेवढा फिरत राहिला होता. तोपर्यंत दुसऱ्या गल्लीतली माणसं पत्र्यावर अंधारात बसून होती. त्या दिवसापासून आमच्या ग्रुपवर मेसेजच्या सुरुवातीला तारीख, वेळ, ठिकाण आणि ‘मी स्वतः पाहिलं’ किंवा ‘मला अमक्यानं सांगितलं’ हे लिहायचंच. नसलं तर तो मेसेज काढला जातो, मग पाठवणारा कुणी का असेना. नियम सगळ्यांना एकच असला की कुणाचा अपमान होत नाही.

माझा फोटो लावून कुणीतरी फेसबुकवर खोटं खातं उघडलंय आणि माझ्या ओळखीच्यांकडे पैसे मागतोय.
– एक दुकानदार, विटा

हे आजच्या आज करा. त्या खोट्या खात्यावर जाऊन तीन टिंबं दाबा आणि तक्रारीत ‘माझी तोतयागिरी करतोय’ हा पर्याय निवडा. आणखी दहा-पंधरा ओळखीच्यांनाही तसंच करायला लावा. खात्याचा आणि मागणीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, खातं बंद पडलं की पुरावा हाती राहत नाही. कुणी पैसे पाठवले असतील तर त्यानं लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करायचा. पहिल्या तासा-दोन तासांत फोन गेला तर रक्कम वाटेत अडवायची शक्यता बरी असते. आणि तुमची मित्रयादी सगळ्यांना दिसते ती बंद करा. चोराला गिऱ्हाइकं तिथूनच मिळतात.

मी राज्यसेवेची तयारी करते. इन्स्टाग्राम काढून टाकते आणि तीन दिवसांनी परत टाकते. मैत्रिणींची लग्नं, नोकऱ्या, फिरणं बघून रडू येतं आणि मग दिवसभर अभ्यासात लक्ष लागत नाही.
– एक विद्यार्थिनी, मिरज

बाळ, ॲप काढलं म्हणजे खातं गेलं असं नाही. खातं तसंच असतं, म्हणून परत जाणं इतकं सोपं जातं. खातंच कायमचं काढायची विनंती केलीस तरी तीस दिवस ते राखून ठेवतात आणि तेवढ्यात मन बदललं तर परत देतात. मी तुला काढ म्हणत नाही. फोनवरून तेवढं काढ आणि आठवड्यातून एकदा, रविवारी, घरच्या किंवा मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर बघ. तिथं बसायला जावं लागतं, आणि उठावंही लागतं.

मैत्रिणींच्या फोटोंबद्दल एक सांगू? दुरुस्तीला आलेल्या फोनमध्ये मी कधी डोकावत नाही. पण मेमरी भरली म्हणून गिऱ्हाईक स्वतःच गॅलरी उघडून समोर धरतं. एका फोटोसाठी तीस-चाळीस काढलेले असतात. डोळे मिटलेला, कंटाळलेला, नवरा मागं घड्याळ बघतोय असा. त्यातला एक तुझ्यापर्यंत येतो. बाकीचे पुसायला माझ्याकडे आणतात.

तू मिरजेचीच आहेस, म्हणून सांगतो. माझ्या शेजारी तंबोऱ्याचे कारागीर आहेत. जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा नाद, काढायला बसले की घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस एकदा फिरवतात, तार छेडतात, ऐकतात, तारेखालचा दोरा केसभर सरकवतात, परत ऐकतात. एका तारेला कधी तास जातो. मध्येच फोन वाजला तर कानातला स्वर मोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून सकाळी दहाला ते फोन पत्र्याच्या डब्यात ठेवतात आणि एकला काढतात. घरी सांगून ठेवलंय, तातडीचं असलं तर माझ्या दुकानात फोन करायचा. वर्षभरात असा फोन दोनदा आला. तूही अभ्यासिकेचा नंबर आईला देऊन ठेव आणि फोन पिशवीत बंद करून ठेव. काही चुकेल ही धास्ती गेली की हात पिशवीकडे कमी जातो. परीक्षेच्या जाहिरातींसाठी आयोगाचं संकेतस्थळ आठवड्यातून एकदा बघ. त्यासाठी दिवसभर टेलिग्रामवर राहायला नको.

आमचे मालक जाऊन वर्ष होत आलं. त्यांना टाइप करायला जमायचं नाही, म्हणून ते व्हॉट्सॲपवर बोलूनच पाठवायचे. ‘निघालोय, भाजी आणू का’ असलंच काहीतरी. ते मी रोज रात्री ऐकते. घरचे म्हणतात, बंद कर आता. मी कधी कधी त्यांच्या नंबरवर मेसेजही पाठवते. मागच्या महिन्यात त्या नंबरवर एका परक्या माणसाचा फोटो दिसायला लागला. माझा फोनही अडकतोय, इथला दुकानदार म्हणतो रीसेट मारावा लागेल.
– कवठेमहांकाळ

ताई, सगळ्यात आधी, रीसेट मारू देऊ नका. फोन कुणाच्याही हातात देऊ नका. रीसेट झाला की फोनमधलं सगळं पुसलं जातं.

तो फोटो कुणाचा, ते सांगतो. सिम तीन महिने वापरलं नाही की कंपनी नंबर बंद करू शकते आणि काही काळानं तो दुसऱ्याला देते. व्हॉट्सॲपचं खातंही १२० दिवस वापरात नसलं की सहसा बंद होतं. मग नवा माणूस त्याच नंबरवर आपलं खातं उघडतो. त्याला यातलं काही माहीत नाही, त्यानं काही वाईट केलेलं नाही. पण तुम्ही आता पाठवाल ते त्याला जाईल. म्हणून त्या नंबरवर पाठवणं थांबवा. बोलावंसं वाटलं तर स्वतःच्याच नंबरवर पाठवा. व्हॉट्सॲपवर स्वतःला मेसेज पाठवता येतो आणि तो तुमच्याखेरीज कुणाला दिसत नाही.

त्यांचे जुने आवाज मात्र कुठं गेलेले नाहीत. अँड्रॉइड फोन असेल, तर ते तुमच्याच फोनमध्ये, ‘व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये आहेत. आत आठवड्या-आठवड्याची वेगळी फोल्डरं असतात. फोन वायरनं कॉम्प्युटरला जोडला की ती उचलून पेन ड्राइव्हवर घेता येतात आणि व्हीएलसीसारख्या प्लेअरवर वाजतात. दोन पेन ड्राइव्हवर घ्या, एक माहेरी ठेवा. हे झाल्यावरच फोन दुरुस्तीला द्या. आणि फोनचं मागचं झाकण वर उचललेलं दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे. तसं असेल तर चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवायला जाऊ नका.

ऐकणं बंद करावं का? पुरानंतर लोक माझ्याकडे तांदळाच्या डब्यात घालून फोन आणायचे. तांदळानं काही होत नाही, उलट चार्जिंगच्या खाचेत पीठ जाऊन बसतं. मी आयपीए, म्हणजे सफाईचं अल्कोहोल, आणि ब्रशनं चिखल काढत बसायचो. घर गेलेलं, भांडी गेलेली, आणि बाई विचारायची, ‘फोन राहू द्या दादा, फोटो निघतील का?’ त्या दोन महिन्यांत हाच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला. माझ्या आईचा आवाज माझ्याकडे अकरा सेकंदांचा आहे. ‘जेवलास का, उशीर करू नको’ एवढाच. मी तो ऐकतो. म्हणून तुम्हाला बंद करा म्हणायला माझी जीभ वळत नाही. घरच्यांना सांगा, मी ऐकणार आहे. पण झोप लागत नसेल, अन्न गोड लागत नसेल, तर १४४१६ वर फोन करा. टेलि-मानस म्हणतात त्याला. सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

कॉपी करायचं काम तिथं कुणाकडून होत नसेल तर मिरजेला या. सोमवार सोडून कधीही, दुपारी दोननंतर गर्दी नसते. दोन पेन ड्राइव्ह घेऊन या, नसतील तर मी देईन. कामाचे पैसे घेणार नाही. तुमच्या समोर फोल्डर उघडतो, तुमच्या समोर कॉपी करतो. सगळे आवाज नीट आले की नाही हे तुम्हालाच ऐकून बघावं लागेल, तेवढा वेळ मी बाहेर गल्लीत जाऊन थांबतो.